बंद केलेलं ॲप पुन्हा सुरू करताना: कुठे शोधायचं, काय अडतं, नंतर काय तपासायचं

डिसेबल केलेलं ॲप फोनमधून गेलेलं नसतं. कंपनीने फोनसोबत दिलेली ॲप्स सिस्टीमच्या अशा भागात ठेवलेली असतात, जिथे वापरणाऱ्याला काही पुसता किंवा लिहिता येत नाही. म्हणून ती काढून टाकता येत नाहीत, फक्त निष्क्रिय करता येतात. ही सोय अँड्रॉइड 4.0 मध्ये, म्हणजे 2011 साली आली. डिसेबल केलं की ॲपचा आयकॉन लपतो, ते पार्श्वभूमीला चालत नाही आणि त्याची अपडेट्स येणं थांबतं. मूळ प्रत मात्र जागच्या जागी राहते. त्यामुळे ते परत सुरू करायला फोन फॅक्टरी रीसेट करण्याची गरज नसते. तरीही पुष्कळ लोक तिथपर्यंत जातात, कारण ॲप नक्की कोणत्या प्रकारे बंद आहे हे न बघताच उपाय सुरू होतात.

आधी ॲप खरंच डिसेबल आहे का ते बघा

आयकॉन कुठेच नाही, पण सेटिंग्जमधल्या यादीत ॲपचं नाव आहे आणि खाली 'डिसेबल्ड' असं लिहिलंय, तर ते डिसेबल केलेलं आहे. पुढची पद्धत त्याच्यासाठी आहे. बाकीच्या अवस्था वरवर सारख्या दिसतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

आयकॉन आहे, पण फिका पडलाय आणि दाबल्यावर 'ॲप पॉज्ड' असा संदेश येतो: हे डिजिटल वेलबीइंगचं, म्हणजे फोनचा वापर आटोक्यात ठेवण्याच्या अँड्रॉइडमधल्या सोयीचं काम. कुणीतरी त्या ॲपला रोजची वेळमर्यादा घातली आहे, फोकस मोड (लक्ष विचलित करणारी ॲप्स थांबवणारी सोय) चालू आहे, किंवा आयकॉन दाबून धरल्यावर येणाऱ्या यादीतलं 'पॉज ॲप' चुकून दाबलं गेलं आहे. वेळमर्यादा आणि पॉज मध्यरात्री आपोआप सुटतात. लगेच हवं असेल तर सेटिंग्ज, डिजिटल वेलबीइंग, डॅशबोर्ड असं जाऊन त्या ॲपचा टायमर काढा.

आयकॉन फिका आहे आणि त्यावर ढगाचं किंवा खाली येणाऱ्या बाणाचं चिन्ह आहे: ॲप अर्काइव्ह झालं आहे. जागा कमी पडली की प्ले स्टोअर क्वचित वापरली जाणारी ॲप्स अशी गुंडाळून ठेवतं. तुमची माहिती फोनमध्येच राहते, ॲपचा बराचसा भाग काढलेला असतो. आयकॉनवर एकदा टॅप केलं की ते परत डाउनलोड होतं. इंटरनेट हवं, आणि ते ॲप अजून प्ले स्टोअरवर उपलब्ध असायला हवं.

स्वतः डाउनलोड केलेली सगळीच ॲप्स एकदम बंद पडली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात 'सेफ मोड' लिहिलंय: फोन रिस्टार्ट करा, एवढंच. रिस्टार्टनंतरही तेच झालं तर आवाज कमी करण्याचं बटण तपासा. ते आत दबून अडकलं किंवा कव्हरखाली दाबलं गेलं, तर बरेच फोन सुरू होताना दर वेळी सेफ मोडमध्ये जातात.

आयकॉन दिसत नाही, पण सेटिंग्जमधल्या यादीत ॲप नेहमीसारखं आहे, 'डिसेबल्ड' लिहिलेलं नाही आणि 'ओपन' दाबल्यावर उघडतंही: ते फक्त लपवलेलं आहे. सॅमसंगमध्ये होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये 'हाइड ॲप्स' नावाचा पर्याय असतो, त्यातून त्या ॲपची निवड काढा. बाकीच्या कंपन्यांच्या होम स्क्रीन सेटिंग्जमध्येही असाच पर्याय शोधा.

सॅमसंगमध्ये आणखी एक प्रकार भेटतो. ॲप उघडतं, पण उघडेपर्यंत एकही नोटिफिकेशन येत नाही. अशा वेळी सेटिंग्ज, बॅटरी, 'बॅकग्राउंड युसेज लिमिट्स' इथे जाऊन 'डीप स्लीपिंग ॲप्स'च्या यादीत त्याचं नाव आहे का बघा आणि असेल तर काढा.

नोकरीच्या ठिकाणच्या ॲप्सवर ब्रीफकेसचं चिन्ह असतं. ती सगळी एकदम फिकी पडली असतील तर वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या ॲप्सचा फोनमधला वेगळा कप्पा, थांबवलेलं आहे. ॲप्सच्या यादीतल्या 'वर्क' टॅबमध्ये ते परत सुरू करण्याचं बटण मिळतं.

प्रत्यक्ष सुरू करण्याची पद्धत

मेनूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण रस्ता सगळीकडे साधारण हाच आहे. फोनची भाषा मराठी असेल तर 'एनेबल'च्या जागी 'सुरू करा' अशा अर्थाचं बटण असेल.

1. सेटिंग्ज उघडा आणि 'ॲप्स'मध्ये जा. शाओमीच्या फोनमध्ये त्याच्या आत 'मॅनेज ॲप्स' आहे, पिक्सेल आणि त्यासारख्या फोनमध्ये 'सी ऑल ॲप्स' दाबावं लागतं.

2. यादी गाळून घ्या. पिक्सेलमध्ये यादीच्या वर 'ऑल ॲप्स' लिहिलेलं असतं, ते दाबून 'डिसेबल्ड ॲप्स' निवडा. सॅमसंगमध्ये 'युअर ॲप्स'च्या शेजारी आडव्या रेघांचं छोटं चिन्ह असतं, त्यात 'डिसेबल्ड' आहे. गाळणीची सोय सापडली नाही तर पूर्ण यादी खाली सरकवत न्या. काही फोन डिसेबल केलेली ॲप्स अगदी तळाशी ठेवतात.

3. नाव सापडत नसेल तर सिस्टीम ॲप्स दाखवण्याचा पर्याय चालू करा. तो वरच्या तीन ठिपक्यांत 'शो सिस्टीम' या नावाने असतो. सॅमसंगमध्ये गाळणीच्याच चौकटीत 'शो सिस्टीम ॲप्स' असा स्विच आहे. डाउनलोड मॅनेजर, कॅलेंडर स्टोरेज अशी ॲप्स हा पर्याय चालू केल्याशिवाय दिसत नाहीत, आणि बहुतेक शोध इथेच अडतो.

4. ॲपच्या नावावर टॅप करा आणि 'एनेबल' दाबा. बटण वर किंवा पडद्याच्या तळाशी असतं. ते दाबल्यावर त्याच जागी 'डिसेबल' आलं, की काम झालं.

प्ले स्टोअर चालू असेल तर त्याहून झटपट वाट आहे. तिथे ॲपचं नाव शोधून त्याचं पान उघडा. ॲप डिसेबल असेल तर 'इन्स्टॉल'च्या जागी 'एनेबल' दिसतं. जी ॲप्स प्ले स्टोअरवरच नाहीत त्यांच्यासाठी सेटिंग्जचीच वाट.

एका वेळी एकच ॲप सुरू करा. पाच-सहा ॲप्स एकदम सुरू केली आणि त्यानंतर बॅटरी भराभर उतरू लागली, तर त्यातलं कोणतं कारणीभूत हे सांगता येत नाही.

सुरू झाल्यावर एवढं नक्की करा

'एनेबल' दाबलं आणि तिथेच थांबलं, तर निम्मं काम राहतं. ॲप नीट चालत नाही अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या टप्प्यात असतं.

पहिलं अपडेट. डिसेबल असताना अपडेट्स मिळत नाहीत, शिवाय काही फोन डिसेबल करतानाच आधीची अपडेट्स काढून फोनसोबत आलेली मूळ आवृत्ती ठेवतात. त्यामुळे सुरू झालेलं ॲप दोन-तीन वर्षं जुनं असू शकतं. जुनं ॲप लॉगिन नाकारतं, लगेच मिटतं किंवा कोरा पडदा दाखवतं. हे बिघाडाचं लक्षण नव्हे. प्ले स्टोअरमध्ये त्याचं पान उघडून 'अपडेट' दाबा. त्यासाठी फोनमध्ये मोकळी जागा ठेवा, कारण अपडेट मूळ प्रतीवर लिहिलं जात नाही, ते वेगळ्या भागात साठवलं जातं आणि जास्तीची जागा घेतं.

दुसरं, माहिती. नुसतं डिसेबल केल्याने ॲपमधली माहिती पुसली जात नाही. पण डिसेबल करताना 'मूळ आवृत्ती ठेवायची का, सगळी माहिती जाईल' असा प्रश्न आला होता आणि 'ओके' दाबलं होतं, तर ती गेलेली असते. खात्याशी जोडलेल्या गोष्टी लॉगिन केल्यावर परत येतील. फक्त फोनमध्ये साठवलेल्या नोंदी येणार नाहीत.

तिसरं, परवानग्या आणि नोटिफिकेशन. ॲपच्या त्याच पानावर 'परमिशन्स' आणि 'नोटिफिकेशन्स' उघडून बघा. इथेच खाली, अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढच्या आवृत्तीत, ॲप वापरात नसेल तर त्याची हालचाल थांबवण्याचा स्विच आहे. तो चालू असेल तर काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या सिस्टीम काढून घेते आणि नोटिफिकेशन थांबवते. वर्षातून एकदाच लागणाऱ्या, पण त्या एका वेळी हमखास लागणाऱ्या ॲपसाठी हा स्विच बंद ठेवावा.

चौथं, डिफॉल्ट. फोन करण्याचं, मेसेजचं किंवा ब्राउझरचं ॲप डिसेबल केलं की त्याची जागा दुसरं ॲप घेतं. जुनं परत सुरू केलं म्हणून ती जागा त्याला आपोआप मिळत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, 'डिफॉल्ट ॲप्स' इथे जाऊन ती द्यावी लागते. कीबोर्डचं थोडं निराळं आहे: ॲप एनेबल केल्यावर भाषा आणि इनपुटच्या सेटिंग्जमध्ये 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड'च्या यादीतही त्याचा स्विच चालू करावा लागतो. नाहीतर टाइप करताना तो निवडीला येतच नाही. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी वापरणाऱ्या ॲपलाही ती नव्याने द्यावी लागू शकते.

घड्याळाचं ॲप डिसेबल झालं होतं, तर एनेबल केल्यावर ते स्वतः उघडा आणि प्रत्येक अलार्म चालू आहे का बघा. दोन मिनिटांवरचा एक अलार्म लावून वाजतो का तेही तपासा. सकाळी लवकर उठायचं असेल तर हे आदल्या रात्रीच करावं.

होम स्क्रीनवरचा आयकॉन आणि विजेट आपोआप परत येतील असं धरू नका. ॲप ड्रॉवरमधून आयकॉन ओढून आणा, विजेट नव्याने ठेवा.

काय बिघडलं तर कोणतं ॲप तपासायचं

फोन हलका करायच्या नादात एकदम बरीच ॲप्स डिसेबल केली जातात आणि आठवड्याभराने भलतीच गोष्ट चालेनाशी होते. दोन्हींचा संबंध लक्षात येत नाही, कारण बंद केलेल्या ॲपचं नाव आणि बिघडलेली गोष्ट यांत वरवर काही साम्य नसतं. पुढची सगळीच ॲप्स प्रत्येक फोनवर डिसेबल करता येतात असं नाही. जुन्या आवृत्त्यांत ती मोकळीक जास्त होती.

प्ले स्टोअरमधलं प्रत्येक डाउनलोड 'पेंडिंग'वर अडकतं: 'डाउनलोड मॅनेजर' तपासा. ब्राउझरमधून फाइल उतरत नसेल तरीही आधी तेच बघा.

अनेक ॲप्स 'गूगल प्ले सर्व्हिसेस सुरू करा' असं म्हणत उघडत नाहीत, नकाशा कोरा दिसतो, गूगल खात्याने लॉगिन होत नाही: गूगल प्ले सर्व्हिसेस आणि गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क दोन्ही सुरू करा, मग प्ले स्टोअर, आणि शेवटी फोन रिस्टार्ट करा. प्ले सर्व्हिसेस मूळ आवृत्तीवर गेली असेल तर ती पार्श्वभूमीला स्वतःच अपडेट होते. वायफायवर थोडा वेळ जाऊ द्या.

बोलून टाइप करणं बंद झालं, किंवा फोन मजकूर वाचून दाखवत नाही: 'स्पीच सर्व्हिसेस बाय गूगल'. असिस्टंट, सर्चचं विजेट आणि होम स्क्रीनच्या डावीकडचं बातम्यांचं पान एकदम गेलं असेल तर 'गूगल' नावाचंच ॲप बंद आहे.

कॅलेंडर उघडतं, पण नोंदी दिसत नाहीत: 'कॅलेंडर स्टोरेज'. संपर्कांची यादी रिकामी: 'कॉन्टॅक्ट्स स्टोरेज'. इथे घाबरून संपर्क नव्याने भरायला बसू नका. खात्यात साठवलेले संपर्क सिंक झाल्यावर येतात, आणि मग प्रत्येक नाव दोनदा दिसू लागतं. काढलेला फोटो गॅलरीत येत नाही, रिंगटोनची यादी रिकामी: 'मीडिया स्टोरेज'.

मेसेजला फाइल जोडताना 'हे काम करू शकेल असं ॲप सापडलं नाही' अशा अर्थाचा संदेश येतो: सिस्टीमचं 'फाइल्स' ॲप बंद आहे. दुसरं फाइल मॅनेजर टाकून हे सुटेलच असं नाही, कारण फाइल निवडण्याची चौकट सिस्टीमच्या फाइल्स ॲपमधूनच येते.

अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यूची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे चांगली जाणकार मंडळीही गोंधळतात. ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचं काम वेबव्ह्यू करतं. अँड्रॉइड 7, 8 आणि 9 मध्ये ते काम क्रोमकडे दिलेलं होतं, म्हणून क्रोम चालू असताना वेबव्ह्यू डिसेबल दिसणं हीच तिथली योग्य स्थिती. त्याचं 'एनेबल' बटण दबत नाही म्हणून काळजी करू नका. क्रोम डिसेबल केलं तर वेबव्ह्यू आपोआप पुढे येतं. अँड्रॉइड 10 पासून वेबव्ह्यू वेगळं चालतं, तिथे मात्र ते सुरू असायलाच हवं. ते बंद असेल तर बँकेची, मेलची, खरेदीची ॲप्स उघडताक्षणी मिटतात. ॲप्स अशी धडाधड मिटू लागली तर वेबव्ह्यूचं अपडेटही तपासा. मार्च 2021 मध्ये वेबव्ह्यूच्याच एका सदोष अपडेटमुळे जगभर अनेक अँड्रॉइड फोनवर हे घडलं होतं.

'एनेबल' बटण फिकं आहे, दबत नाही

वेबव्ह्यू सोडून दुसरं ॲप असेल तर बहुधा नियंत्रण दुसऱ्या कुणाच्या हातात असतं. कार्यालयाने दिलेल्या फोनवर तिथला आयटी विभाग ॲप्स बंद करू शकतो. मुलाच्या फोनवर फॅमिली लिंकमधून (पालकांच्या नियंत्रणासाठीचं गूगलचं ॲप) पालकांनी बंद केलेलं ॲप पालकांच्याच फोनवरून सुटतं. फोनमध्ये एकाहून जास्त यूझर असतील तर ॲप प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे डिसेबल होतं. तेव्हा तुम्ही कोणत्या यूझरमध्ये आहात ते बघा.

प्ले प्रोटेक्टने, म्हणजे फोनमधली ॲप्स तपासणाऱ्या गूगलच्या सुरक्षा सोयीने, एखादं ॲप धोकादायक ठरवून बंद केलं असेल आणि तशी सूचना आली असेल, तर ते परत सुरू करू नका. ते काढून टाका आणि त्यात वापरलेले पासवर्ड बदला. बाहेरून फाइल घेऊन टाकलेली कर्जाची, पैसे दुप्पट करण्याची किंवा पडदा शेअर करायला लावणारी ॲप्स अशी पकडली जातात. 'प्ले प्रोटेक्ट बंद करा, मग ॲप चालेल' असं फोनवरून कुणी सांगत असेल, तर तो माणूस तुमच्या खात्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करतोय.

सगळी एकदम सुरू करायची असतील तर

कोणती ॲप्स बंद केली होती तेच आठवत नसेल, तर 'रीसेट ॲप प्रेफरन्सेस' हा पर्याय आहे. तो ॲप्सच्या यादीवरच्या तीन ठिपक्यांत असतो, काही फोनमध्ये सिस्टीम, 'रीसेट ऑप्शन्स' या वाटेनेही मिळतो. याने ॲपमधली माहिती जात नाही. पण डिसेबल केलेली सगळी ॲप्स सुरू होण्यासोबत तुम्ही बंद केलेली नोटिफिकेशन, डिफॉल्ट ॲप्सची निवड, पार्श्वभूमीच्या डेटावर घातलेले निर्बंध आणि परवानग्यांवरचे निर्बंध हेही मूळ स्थितीला जातात. म्हणून आधी डिसेबल्ड यादीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. नको असलेली ॲप्स नंतर पुन्हा बंद करायला तो लागतो. याच मेनूत शेजारी 'इरेज ऑल डेटा' असतं, ते वेगळं. त्याने फोन पूर्ण रिकामा होतो. दाबण्याआधी चौकटीतला मजकूर शांतपणे वाचा.

आयफोनवर

आयफोनमध्ये 'डिसेबल' असं बटणच नाही. सफारी, कॅमेरा, फेसटाइम, मेल यांपैकी काही गायब असेल तर सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, 'कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स', 'अलाऊड ॲप्स' इथे जा आणि त्याचा स्विच चालू करा. नव्या आवृत्त्यांत या पानाचं नाव 'अलाऊड ॲप्स अँड फीचर्स' आहे. स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडहून वेगळा असतो. तो विसरला असेल तर पासकोड बदलण्याच्या पानावर 'फरगॉट पासकोड' निवडून ॲपल खात्याने नवा लावता येतो.

स्वतः टाकलेली बरीच ॲप्स एकदम नाहीशी झाली असतील, तर त्याच भागात ॲप्ससाठी ठरवलेली वयोमर्यादा बघा. ती खाली आणली की त्याहून वरच्या वयोगटाची सगळी ॲप्स लपतात, मर्यादा वाढवली की परत येतात.

नावाशेजारी ढगाचं चिन्ह म्हणजे ॲप ऑफलोड झालं आहे: माहिती ठेवून फक्त ॲप काढलेलं आहे. टॅप केलं की माहितीसकट परत येतं. होम स्क्रीनवर नसलेलं ॲप शेवटच्या पानापलीकडच्या ॲप लायब्ररीत शोधा. आयओएस 18 पासून ॲप लपवताही येतं. अशी ॲप्स लायब्ररीच्या अगदी तळाशी 'हिडन' फोल्डरमध्ये असतात आणि चेहऱ्याने किंवा बोटाच्या ठशाने उघडतात. हवामान, कॅल्क्युलेटर यांसारखं मूळचं ॲप काढून टाकलं असेल तर ॲप स्टोअरमधून ते परत घेता येतं.

यादीत नावच नसेल तर

सिस्टीम ॲप्स दाखवूनही नाव नाही, किंवा नावाखाली 'नॉट इन्स्टॉल्ड फॉर धिस यूझर' असं लिहिलंय, तर ॲप डिसेबल केलेलं नाही. बहुधा संगणकाला फोन जोडून एडीबी नावाच्या साधनाने ते या यूझरपुरतं काढलेलं आहे. आधी प्ले स्टोअरमध्ये शोधा, तिथे असेल तर सरळ इन्स्टॉल होतं. नसेल तर ज्या मार्गाने काढलं त्याच मार्गाने आणावं लागतं: सेटिंग्जमधल्या फोनच्या माहितीत 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा आणि संगणकावरून एडीबीची 'इन्स्टॉल एक्झिस्टिंग' ही आज्ञा त्या ॲपच्या पॅकेजनावासह (सिस्टीम ॲपला आतून ज्या नावाने ओळखते ते नाव) द्या. मूळ प्रत सिस्टीमच्या भागात असल्याने इंटरनेटवरून काही उतरवावं लागत नाही. अनोळखी साइटवरून त्याच नावाची फाइल आणून टाकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. संगणक मिळत नसेल आणि ॲप अत्यावश्यक असेल, तेव्हाच फॅक्टरी रीसेटकडे वळा, तेही फोटो, संपर्क आणि मेसेजचा बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री करून. काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करायला विसरू नका.